गाणारीला पासपोर्ट, नाचणारीला परवाना

दुबईच्या डेझर्ट सफारीला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास नसतो. उंटावर बसलेला असतो, लँड क्रूझरच्या बॉनेटला टेकलेला असतो, हातावर ससाणा घेतलेला असतो. बेली डान्सचा नसतो. म्हणजे तो नाच सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण घरी आल्यावर त्याचा विषय निघत नाही.

गेल्या वर्षी बोनस आला तेव्हा मी आई-बाबांना आणि आत्याला घेऊन गेलो. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवून झाली. कॅम्पवर गाद्या-लोड, बुफे, समोर लाकडी मंच. नर्तकी आली तेव्हा बाबांना अचानक ऑफिसचे जुने व्हॉट्सॲप मेसेज वाचायची गरज भासली. आत्या गुलाबजामचं टेबल शोधायला गेली. आई मात्र बघत होती. मी आईकडे बघत नव्हतो आणि मंचाकडेही नव्हतो. मी हमसमध्ये पोळी बुडवत होतो.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने गाणं लावलं. तो इजिप्तचा होता. आधी बराच वेळ नुसती वाद्यं, गिटारसारखं काहीतरी, मग व्हायोलिनचा मोठा ताफा. आई मागून म्हणाली, "अरे, हे तर मघाचंच. ती नाचत होती ना, तेच."

मी ड्रायव्हरला विचारलं. त्याचा चेहरा पडला. "नो डान्स, सर," तो म्हणाला. "धिस इज उम्म कुलसुम. द लेडी." मग त्याने आवाज वाढवला आणि कोणीतरी देवघरात चप्पल घालून आल्यासारखा गप्प झाला.

आई बरोबर होती. गाणं तेच होतं : 'एन्ता ओम्री', म्हणजे 'तू माझं आयुष्य आहेस'. १९६४ सालचं. एकच चाल. तासाभरापूर्वी तिच्यावर एक बाई नाचत होती तेव्हा आम्ही माना खाली घातल्या, आणि आता त्याच चालीसाठी ड्रायव्हर मान झुकवत होता. हे असं कसं झालं, हा प्रश्न मला हॉटेलवर पोचल्यावरही सोडेना. कोडमध्ये एकच फंक्शन दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं देत असेल, तर मधे कुठेतरी कोणीतरी काहीतरी बदललेलं असतं. तो बदल शोधायला मी मागे जात राहिलो आणि पोचलो थेट १८३४ पर्यंत.

तालीम आणि आलिमा

सुरुवात एका शब्दाने करू. पैलवान जिथे घाम गाळतात ती तालीम. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, आणि त्याचं मूळ 'शिकणं, जाणणं' या अर्थाच्या धातूत आहे. 'इल्म' त्यातलाच. त्याच धातूवरून कैरोत एका व्यवसायाला नाव मिळालं : 'आलिमा', बोलीभाषेत 'आल्मा', अनेकवचनी 'अवालिम'. अर्थ, शिकलेल्या बायका.

या अवालिम गायच्या. श्रीमंत घरांत, लग्नकार्यात, मुख्यतः जनानखान्यात बायकांसमोर. पुरुषांना ऐकायचं असेल तर गाणारी जाळीच्या पडद्याआड बसायची आणि पुरुष अंगणात. त्यांना काव्य पाठ असायचं, चाली ठाऊक असायच्या, काहींना नाचही येत असे. त्यांच्याहून वेगळ्या 'गवाझी'. या रस्त्यावर, अंगणात, जत्रेत, कॉफीच्या दुकानासमोर, पुरुषांच्या गर्दीत उघड्या चेहऱ्याने नाचायच्या. एडवर्ड लेन हा इंग्रज विद्वान तेव्हा कैरोत राहत होता. १८३६ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात त्याने या दोन वर्गांतला फरक नोंदवलाय आणि परदेशी लोक दोघींत गल्लत करतात अशी तक्रारही केली आहे.

म्हणजे तेव्हाही सगळ्या सारख्या नव्हत्या. पडद्याआडची वरची, रस्त्यावरची खालची. पण भेद गाणं आणि नाच यांच्यातला नव्हता. कोणासमोर आणि कुठे, एवढाच होता. एकाच बाईच्या अंगात दोन्ही कला असू शकत होत्या, आणि त्या दोन्ही मिळून जे होतं त्याला लोक 'शिकलेली' म्हणत होते.

१८३४ : रस्ते साफ

जून १८३४ मध्ये इजिप्तचा शासक मुहम्मद अली पाशाने कैरोत बायकांच्या जाहीर नाचावर आणि वेश्याव्यवसायावर बंदी घातली. दोन्हींवर एकाच हुकमात. पहिल्यांदा पकडली गेली तर पन्नास फटके, पुन्हा पकडली गेली तर सक्तमजुरी, असं लेन लिहितो. धर्मपंडितांची नाराजी होती, आणि पाशाला आधुनिक राज्य उभारायचं होतं. आधुनिक राज्याची राजधानी नीटनेटकी दिसावी लागते. गंमत म्हणजे तोवर सरकार याच बायकांकडून कर वसूल करत होतं.

बंदीने नाच थांबला नाही. त्याचा पत्ता बदलला. बायकांना दक्षिणेकडे, नाईलच्या वरच्या अंगाला, केना, एस्ना, अस्वान या गावांकडे पाठवण्यात आलं. कैरोच्या रस्त्यावर त्यांच्या जागी बायकी वेशातले पुरुष नर्तक नाचू लागले. आणि युरोपातून येणारे प्रवासी आता नाच बघायला बोटीने दक्षिणेला जाऊ लागले. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर १८५० साली एस्नाला कुचुक हानेम या नर्तकीकडे गेला. तिच्यावर त्याने जे लिहिलं त्यावर पुढे दीडशे वर्षं पुस्तकं लिहिली गेली. पण ती एस्नात का होती, याचं साधं उत्तर सोळा वर्षांपूर्वीच्या त्या सरकारी हुकमात आहे.

या प्रवाशांनी आणखी एक काम केलं. त्यांनी 'आल्मा' हा शब्द उचलला आणि नाचणारीला लावला. १८६३ साली झाँ-लेऑं जेरोम या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेल्या 'आल्माचा नाच' या गाजलेल्या चित्रात सैनिकांसमोर नाचणारी बाई आहे. 'शिकलेली' हा शब्द घसरत घसरत तिथपर्यंत आला. पुढे खुद्द कैरोतही 'आल्माची पोर' ही शिवी झाली.

नावाचं उरलेलं काम पश्चिमेतल्या प्रदर्शनांनी केलं. १८८९ ला पॅरिसमध्ये आणि १८९३ ला शिकागोत 'कैरोचा रस्ता' उभारला गेला आणि तिकीट लावून नर्तकी दाखवल्या गेल्या. फ्रेंचांनी त्या नाचाला पोटाचा नाच म्हटलं, अमेरिकेत त्याचं 'बेली डान्स' झालं. अरबीत त्याला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. एका भाषेत दिशेचं नाव आहे, दुसऱ्या भाषेत अवयवाचं. आपण दुबईला जाताना दुसरं नाव घेऊन गेलो होतो.

लग्न झालं, गाणं संपलं

बंदी पुढे सैल झाली, बायका कैरोत परतल्या. १८७० च्या दशकात खेदिव इस्माईलने जुन्या वस्तीतून एक रुंद रस्ता काढला, त्याला आजोबांचं नाव दिलं : मुहम्मद अली रस्ता. ज्या पाशाने नाचणाऱ्यांना हाकललं, त्याच्याच नावाच्या रस्त्यावर पुढे वादक, गायिका आणि नर्तकींची वस्ती झाली. लग्नाची सुपारी द्यायची तर तिथे जायचं. ऊद बनवणारे कारागीर तिथे, नाचाची पथकंही तिथे.

याच काळात अलमाझ नावाची आल्मा कैरोची लाडकी गायिका होती. पुरुष गायकांत तिच्या तोडीचा होता अब्दुह अल-हामुली. दोघांचं लग्न झालं. लग्नानंतर हामुलीने तिला लोकांसमोर गाणं बंद करायला लावलं. तिने केलं. १९६२ साली या दोघांवर सिनेमा निघाला, त्यात ती प्रेमकथा आहे. ऐकणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर ती एका आवाजाची शेवटची तारीख आहे.

अलमाझची गोष्ट मी इथे सांगतो कारण ती गायिका होती. आवाजाला आधीपासून मान होता असं समजू नका. बाईने लोकांसमोर पैशासाठी काही करणं, हाच मुळात प्रश्न होता. त्या प्रश्नातून आवाज सुटला, आणि नाच अडकून राहिला. हे सुटणं कसं झालं ते बघण्यासाठी एक वर्ष निवडता येतं.

१९२६

त्या वर्षी कैरोत दोन गोष्टी घडल्या.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तमाय अल-झहायरा या खेड्यातली एक मुलगी काही वर्षांपूर्वी शहरात आली होती. वडील मशिदीत इमाम, सणावारी आणि लग्नांत धार्मिक गाणी म्हणून चार पैसे मिळवणारे. मुलीचा आवाज त्यांच्या कानावर पडला आणि तिलाही सोबत न्यायला सुरुवात झाली, पण मुलाचे कपडे घालून. डोक्याला फडकं, अंगात कोट. कैरोतही ती आधी तशीच, वडील आणि भाऊ मागे घेऊन गायची. १९२६ मध्ये तिने घरच्यांना बाजूला करून निष्णात वादकांचा 'तख्त' घेतला : ऊद, कानून, व्हायोलिन. वेशही बदलला. उम्म कुलसुम आता व्यावसायिक गायिका झाली.

वाट सोपी नव्हती. कैरोच्या एका मासिकाने तिच्याबद्दल बदनामीकारक मजकूर छापला तेव्हा वडील सगळ्यांना घेऊन गावी परत निघाले होते. जवळच्या माणसांनी समजूत घातली म्हणून ते थांबले. त्यानंतर तिने आपली प्रतिमा अभियंत्यासारखी बांधली. लांब बाह्यांचे झगे. हातात रेशमी रुमाल. मुलाखती मोजक्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मंचावर ती जवळपास स्थिर उभी राहायची. तासन् तास. हलायचा फक्त आवाज, आणि तो रुमाल.

दुसरी गोष्ट. दमास्कसहून आलेल्या बदिया मसाबनी या नटीने त्याच वर्षी कैरोच्या इमाद अल-दीन रस्त्यावर स्वतःचं नाट्यगृह उघडलं. गाणं, विनोद, नकला आणि नाच असा रोजचा खेळ. बायकांसाठी दुपारचा वेगळा प्रयोगही असे. बदियाने नाचाची रचनाच बदलली. पूर्वीचा नाच हातभर जागेत व्हायचा, कारण तो घरात किंवा अंगणात व्हायचा. आता रुंद मंच होता. मग हात वर उचलले गेले, नर्तकी मंचभर फिरू लागली, मागे मुलींची रांग आली, ऊदच्या बरोबरीने पाश्चात्त्य वाद्यं आली, आणि पोशाख चमकीचा, दोन तुकड्यांचा झाला. त्यावर हॉलिवूडने कल्पनेत रंगवलेल्या पूर्वेची छाया होती. आज जगभर जो बेली डान्स म्हणून ओळखला जातो त्याचा साचा बराचसा इथे घडला.

तिच्याकडे शिकलेल्यांत इस्माइलियाची ताहिया कारियोका होती. 'कारियोका' हे आडनाव नाही, तेव्हा गाजलेल्या एका ब्राझिली नाचाचं नाव आहे. सामिया गमाल होती. ऊद वाजवणारा एक तरुण सीरियन गायकही तिथे काम करायचा, फरीद अल-अत्राश. पुढे फरीद गातोय आणि सामिया नाचतेय अशा सिनेमांनी अरब जग वेडं केलं. १९४९ चा 'अफ्रीता हानिम' त्यातला सगळ्यात लाडका.

म्हणजे १९२६ मध्ये एक बाई स्वतःचं शरीर मंचावरून जवळजवळ पुसून टाकत होती आणि दुसरी बाई शरीराला मोठा मंच देत होती. दोघीही तेवढ्याच हिशेबी, तेवढ्याच मेहनती. दोघींनी बायकांना पगार मिळवून देणारा व्यवसाय उभा केला. पण बक्षीस वेगवेगळं मिळालं.

रेडिओला डोळे नसतात

३१ मे १९३४ ला इजिप्तचा सरकारी रेडिओ सुरू झाला. बंदीला शंभर वर्षं होत आली होती. थोड्याच काळात उम्म कुलसुमच्या दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या मैफली रेडिओवरून थेट जाऊ लागल्या. त्या रात्री रस्ते ओस पडायचे, कॉफीच्या दुकानांत रेडिओभोवती गर्दी व्हायची, कैरोपासून मोरोक्कोपर्यंत.

तंत्रज्ञान कोणाच्या बाजूचं असतं, हा माझ्या कामाच्या जागी रोज निघणारा प्रश्न आहे. रेडिओ आवाजाच्या बाजूचा होता. जाळीच्या पडद्याआडून गाणारी आल्मा आठवा. रेडिओ म्हणजे देशाएवढा मोठा पडदा. त्याआडून आलेला आवाज माजघरात नेता येत होता, आजीसमोर लावता येत होता. नाच रेडिओवरून जाऊ शकत नव्हता. त्याला जागा उरली ती सिनेमाची आणि कॅबरेची. दुसऱ्या महायुद्धात कैरोत ब्रिटिश फौजा उतरल्या, कॅबरे सैनिकांनी भरले. नर्तकीला गिऱ्हाइकाच्या टेबलावर बसून त्याला बाटल्या मागवायला लावाव्या लागत. त्यावर तिचं कमिशन ठरे. या कामाला 'फत्ह', म्हणजे उघडणं, असं नाव होतं. बाटल्या उघडणं. नाच कितीही चांगला असो, कमाईचा हा भाग तिच्या नावाला चिकटला.

२६ जानेवारी १९५२ ला ब्रिटिशांविरुद्धच्या संतापात कैरो पेटलं. हॉटेलं, सिनेमागृहं, दारूची दुकानं जळाली, आणि ऑपेरा चौकातला बदियाचा कॅसिनोही जळाला. बदिया तोवर तो विकून देश सोडून गेली होती. सहा महिन्यांनी राजाला गादी सोडावी लागली.

नव्या राजवटीने दोघींशी कसा व्यवहार केला, ते बघा. उम्म कुलसुम राष्ट्राचा आवाज झाली. १९६७ च्या युद्धात इजिप्त हरल्यावर तिने देशोदेशी मैफली करून सरकारला पैसा उभा करून दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात गायली. तिला राजनैतिक पासपोर्ट मिळाला. नर्तकीला मिळाला परवाना. सेन्सॉरचं खातं तो देणार, पोट उघडं ठेवायचं नाही असा नियम, मग पोटावर जाळीचं कापड. निरीक्षक येऊन पोशाख तपासणार. ताहिया कारियोकाने तर क्रांतीनंतर लवकरच डाव्या राजकारणापायी तुरुंगही पाहिला. १९५९ मध्ये महमूद रेदाने लोकनृत्याचं पथक काढलं, आणि सरकारने लगेच ते आपलंसं केलं. गावाकडचा नाच, समूहाचा, अंगभर कपड्यांतला, तो राष्ट्राचा नाच. एकटीने करायचा रक्स शर्की मात्र हॉटेलात, पर्यटकांसमोर.

दुम तेक, तेक दुम, तेक

आता थोडं गाण्याच्या आत शिरू, कारण आईने चाल ओळखली ती उगीच नाही.

अरबी संगीतात राग नाहीत, 'मकाम' आहेत. हाही शब्द आपल्या घरातला. पत्रावर 'मुक्काम पोस्ट' लिहितो ना, तोच धातू : जिथे उभं राहायचं ती जागा. काही मकामांत आपल्या पेटीवर न सापडणारे स्वर असतात, दोन पट्ट्यांच्या मधले. ठेके मोजायचे ते दोन आवाजांत. 'दुम' म्हणजे डग्ग्यासारखा खालचा, 'तेक' म्हणजे काठावरचा. सगळ्यात प्रचलित ठेका 'मक्सूम', आठ घरांचा : दुम, तेक, रिकामं, तेक, दुम, रिकामं, तेक, रिकामं. टेबलावर वाजवून बघा. केरव्याची सवय असलेल्या हाताला पाच मिनिटांत जमतो.

नर्तकीची कंबर या आठ घरांतली 'दुम' पकडते. व्हायोलिनची लांब ओळ आली की हात आणि छाती. कानूनच्या तारा थरथरल्या की अंगावरून बारीक कंप जातो. आणि ताल थांबून एकटा ऊद किंवा बासरीसारखा 'नाय' आळवू लागला की ती जागेवर थांबते आणि अगदी सावकाश वळते. पाश्चात्त्य बॅलेसारखी ती संगीतावर गोष्ट सांगत नाही. संगीत जिथे जाईल तिथे अंग जातं. चांगली नर्तकी म्हणजे दिसणारं ऐकणं.

एडवर्ड सैद यांनी शाळकरी वयात बदियाच्या कॅसिनोत ताहियाला पाहिलं होतं. १९९० साली त्यांनी तिच्यावर निबंध लिहिला. अशा नर्तकीची खरी कला किती हलते यात नसून किती कमी हलते यात आहे, असं त्यांचं निरीक्षण. हे वाचल्यावर मला रुमाल घेऊन स्थिर उभी असलेली उम्म कुलसुम आठवली. एकीने आवाज हलवायला शरीर थांबवलं, दुसरीने एक स्नायू दिसावा म्हणून बाकीचं शरीर थांबवलं. शिस्त एकाच घराण्याची.

तीच चाल, दुसरं अंग

'एन्ता ओम्री' ही महंमद अब्देल वहाब या संगीतकाराने उम्म कुलसुमसाठी केलेली पहिली चाल. दोघं अनेक दशकं एकमेकांचे प्रतिस्पर्धी. ते एकत्र आले तेव्हा लोकांनी त्याला ढगांची भेट म्हटलं. वहाबने तिच्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार आणली आणि शब्द सुरू होण्याआधी वाद्यांचा लांबलचक तुकडा ठेवला. तो नर्तकींनाही ओळखत होता. 'अझीझा', 'झीना' या त्याच्या वाद्यरचना नाचासाठी आजही वाजतात. 'एन्ता ओम्री'चा तो सुरुवातीचा तुकडा ऐकलात तर कळेल, तो नाचाला बोलावतोच.

ते बोलावणं घेतलं सुहैर झकीने. उम्म कुलसुमची गाणी तोवर बसून ऐकायची होती, 'अल्लाह!' म्हणून दाद द्यायची होती, एकच ओळ दहादा मागायची होती. त्यावर नाचणं म्हणजे पातळी सोडणं. सुहैरने त्या गाण्यांचे वाद्यांचे तुकडे घेतले आणि त्यावर नाचली. अंगविक्षेप नाहीत, मंचभर धावाधाव नाही. यूट्यूबवर तिचे जुने व्हिडिओ आहेत. ती गाण्याच्या पुढे एक पाऊलही टाकत नाही. लोकांनी ते मान्य केलं. पुढे १९७६ मध्ये वहाबनेच नज्वा फुआद या नर्तकीसाठी खास रचना केली, 'चौदाव्या रात्रीचा चंद्र'. संगीतकारांतला सगळ्यात मानाचा माणूस नर्तकीसाठी चाल बांधतो, म्हणजे आल्माची दोन अंगं शंभरेक वर्षांनी पुन्हा एका घरात आली. काही काळापुरती तरी.

३ फेब्रुवारी १९७५ ला उम्म कुलसुम गेली. कैरोचे रस्ते माणसांनी भरून गेले, लोकांनी शवपेटी सैनिकांच्या हातून घेऊन स्वतःच्या खांद्यावर नेली. २००१ मध्ये नाईलमधल्या रोदा बेटावर तिचं संग्रहालय उघडलं. तिचे झगे, काळा चष्मा, रुमाल तिथे काचेआड आहेत. बदियाचं स्मारक वेगळ्या प्रकारचं आहे. नाईलवरच्या एका पुलाजवळ तिचा उन्हाळी कॅसिनो होता. ब्रिटिशांच्या माघारीची आठवण म्हणून त्या पुलाला सरकारने 'जला' म्हणजे माघार असं नाव दिलं. जुन्या कैरोकरांच्या तोंडी मात्र तो बदियाचा पूल राहिला.

पुन्हा रस्ते साफ

ही गोष्ट इतिहासात संपली असती तर मी ती लिहिली नसती. इजिप्तच्या २०१८ च्या सायबर गुन्हे कायद्यात 'कौटुंबिक मूल्यांचा' भंग हा गुन्हा आहे. २०२० मध्ये टिकटॉकवर नाचाचे, गाण्यावर ओठ हलवण्याचे व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणींना त्याखाली अटक झाली. त्याच जूनमध्ये एका प्रसिद्ध नर्तकीला सोशल मीडियावरच्या व्हिडिओंवरून तीन वर्षांची शिक्षा झाली. फटक्यांच्या जागी तुरुंग, रस्त्याच्या जागी रील्स.

आणि आपण हसायचं कारण नाही. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद केले, तेव्हा तीन आणि त्यावरच्या स्टार हॉटेलांना सूट होती. म्हणजे नाच वाईट नव्हता, स्वस्तातला नाच वाईट होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अमान्य केली, पण मधल्या आठ वर्षांत त्या बायकांचं काय झालं? कैरोहून एस्नाला गेलेल्या बोटींत कोण होतं ते जसं कोणी लिहून ठेवलं नाही, तसंच.

एक कबुली देतो. या लेखाचा पहिला खर्डा वाचताना लक्षात आलं, मी उम्म कुलसुमला सगळीकडे 'त्या' म्हटलं होतं आणि ताहियाला, सामियाला, बदियाला 'ती'. ठरवून नाही, आपोआप. जी रेषा मी दोनशे वर्षांत शोधत होतो ती माझ्या कीबोर्डवर होती. मग सगळ्यांना 'ती' केलं. आपण लताला म्हणतो तसं.

पुण्यात परतल्यावर एका रविवारी आईला फोनवर दोन व्हिडिओ दाखवले. आधी उम्म कुलसुम, मग सुहैर झकी, गाणं तेच. बाबा पेपर वाचत होते. यावेळी त्यांनी पेपर खाली ठेवला, पण काही बोलले नाहीत. आईने दुसरा व्हिडिओ पूर्ण पाहिला.

"किती नीट ऐकतेय ती," आई म्हणाली.

मग थोड्या वेळाने, भांडी आवरताना, कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "आमच्या घरी गाण्याचा क्लास चालायचा. नाचाचा विचारला तर अण्णा म्हणाले, गाणं आहे ना, तेवढं पुरे."

मला हे आजवर माहीत नव्हतं. मी विचारलं, कोणता नाच शिकायचा होता. तिला आठवेना. किंवा सांगायचं नसेल.